तापल्यावर सेल्फ न घेणारी जुनी शेव्हेल : लक्षणे, तपासण्यांचा क्रम आणि थांबण्याची जागा

सकाळी थंड इंजिन पहिल्याच चावीला पकडते, तासभर गाडी विनातक्रार चालते, आणि पेट्रोल भरायला किंवा कॉफी घ्यायला दहा-पंधरा मिनिटे थांबून परत चावी फिरवली की ती हू की चू करत नाही. बॉनेट उघडे ठेवून अर्धा-पाऊण तास वाट पाहिली, की काही झालेच नव्हते अशा थाटात ती पुन्हा सुरू होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातील शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६ आणि त्याच धाटणीच्या मोठ्या व्ही-८ इंजिनांच्या अमेरिकन गाड्या घरी नव्याने उभ्या करणाऱ्यांना हा दोष चांगला परिचयाचा असतो. डेट्रॉइटच्या उपनगरांत वाहन-उद्योगात नोकरी करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी काहींच्या गॅरेजात अशी एखादी गाडी उभी असतेच. माझ्या आणि त्यांच्या गाड्यांत हाच दोष वारंवार काढल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. यातील बहुसंख्य गाड्यांत स्टार्टर निर्दोष असतो, आणि तरीही सर्वांत आधी बदलला जातो तो स्टार्टरच.

खालचे विवेचन मी १९६९ ची एसएस ३९६ समोर ठेवून केले आहे. म्हणजे स्टार्टरवरच बसवलेला सोलेनॉइड (चावी फिरवल्यावर स्टार्टरला जोडून देणारा विद्युत-चुंबक), पॉइंटचा, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्काचा, डिस्ट्रिब्युटर (ठिणगी एकेका प्लगला वाटणारा भाग) आणि क्वाड्राजेट नावाचा कार्ब्युरेटर. इतर वर्षांच्या गाड्यांत तारांचे मार्ग थोडे वेगळे असतील, पण तपासण्यांचा क्रम बदलत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

“तापल्यावर सुरू होत नाही” या एकाच तक्रारीत निदान पाच निरनिराळे दोष लपलेले असतात, आणि ते वेगळे करायला पान्हाही लागत नाही, फक्त कान आणि नाक लागते.

चावी फिरवल्यावर काहीच आवाज येत नसेल किंवा एकच बारीक “टक्” येऊन सगळे शांत होत असेल, तर सोलेनॉइडपर्यंत विजेचा पुरेसा दाब (व्होल्टेज) पोहोचत नाही. जोरकस “ठक्” असा आवाज येतो पण इंजिन फिरत नाही, किंवा ते फिरते पण रडतखडत, प्रत्येक दाबाच्या फेरीला अडखळत फिरते, तेव्हा संशय जाड केबल, अर्थिंग, बॅटरी आणि त्यानंतर स्टार्टर यांच्यावर घ्यावा. इंजिन फिरता फिरता उलटा झटका देत असेल, तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, फार पुढे आहे. इंजिन उत्तम वेगाने फिरते पण पकडत नाही आणि पेट्रोलचा उग्र वास येतो, तर पेट्रोल ओव्हरफ्लो झाले आहे. तसेच फिरते पण वास मुळीच नाही, तर पेट्रोल पोहोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही.

याखेरीज एक लक्षण असे आहे की ते ऐकताच कारण सांगता येते: जोपर्यंत चावी स्टार्टच्या जागी धरलेली आहे तोपर्यंत इंजिन नुसते फिरत राहते, आणि ज्या क्षणी चावी सोडावी त्या क्षणी ते पकडते. त्याकडे पुढे येतो.

गाडी बंद केल्यावर ती लगेच थंड होऊ लागते असा समज असतो, प्रत्यक्षात उलट घडते. पंखा आणि पाण्याचा प्रवाह थांबतो, समोरून येणारा वारा थांबतो, आणि इंजिनच्या लोखंडात व सायलेन्सरच्या मॅनिफोल्डमध्ये साठलेली उष्णता आजूबाजूच्या सर्व भागांत पसरते. म्हणून बंद केल्यानंतरची पहिली दहा ते तीस मिनिटे सर्वांत वाईट असतात. लगेच चावी मारली तर गाडी सुरू होते, दोन तासांनी मारली तरी होते, मधल्या वेळेत होत नाही, असे वर्णन कोणी केले तर दोष उष्णतेचा आहे हे धरून चालावे.

मोजमाप दोष हजर असतानाच

या दोषाचा मोठा त्रास असा की गॅरेजात आणून, जॅकवर चढवून, मल्टिमीटर हातात घेईपर्यंत गाडी थंड झालेली असते आणि सर्व आकडे सोज्वळ येतात. यावर साधा उपाय आहे. थंड गाडीत, बॅटरीची ऋण केबल सोडवून, सोलेनॉइडच्या “एस” टर्मिनलला, म्हणजे जिथे जांभळी तार येते तिथे, एक बारीक तार जोडावी. दुसरी तार स्टार्टरच्या मुख्य खिळ्याला, म्हणजे जिथे बॅटरीची जाड केबल येते तिथे, जोडावी. दोन्ही तारांत, स्टार्टरच्या बाजूला शक्य तितक्या जवळ, एक-दोन अँपियरचा फ्यूज घालावा, त्या सायलेन्सरपासून दूर बांधत वर आणाव्यात आणि त्यांची टोके चिकटपट्टीने झाकून बॉनेटखाली हाताशी येतील अशी ठेवावीत. त्यानंतर गाडी फिरवून आणावी आणि दोष जिथे उद्भवेल तिथेच, दुकानाच्या पार्किंगमध्ये का होईना, मीटर लावावा. अर्ध्या तासाच्या या कामाने जितके स्टार्टर वाचले आहेत तितके दुसऱ्या कशाने वाचलेले मी पाहिलेले नाहीत.

फ्यूज टाळू नये. स्टार्टरच्या मुख्य खिळ्यावर बॅटरीचा पूर्ण दाब सदैव असतो आणि त्या वाटेवर कारखान्याने फ्यूज दिलेला नाही. तिथली उघडी तार चॅसिसला टेकली तर ती लाल व्हायला क्षण पुरतो.

बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग

पहिली तपासणी फुकट आहे. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन खांबांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब असला पाहिजे, १२.२ म्हणजे बॅटरी अर्धी रिकामी. मग सेल्फ मारत असताना मोजावे: तो आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी भारित करून किंवा दुकानात लोड-टेस्ट करून घ्यावी, कारण कमजोर बॅटरीवर पुढच्या कोणत्याही मोजमापाला अर्थ उरत नाही. ३९६ च्या ३२५ आणि ३५० अश्वशक्तीच्या दोन्ही रूपांत कॉम्प्रेशन १०.२५ ला १ आहे, ३७५ अश्वशक्तीच्या रूपात ते ११ ला १ आहे. एवढे मोठे आणि एवढे दाबणारे इंजिन तापलेले असताना फिरवायला बॅटरीचा कस लागतोच.

त्यानंतर दाबातील घट मोजावी. मीटरची एक सुई बॅटरीच्या धन खांबावरच टेकवावी, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी वर आणलेल्या मुख्य खिळ्याच्या तारेला. कोणी मदतनीस सेल्फ मारत असताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. तसेच ऋण खांब आणि इंजिनच्या ब्लॉकचा उघडा धातू यांच्यात मोजल्यास ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी. खांबाऐवजी क्लॅम्पवर सुई टेकवली तर खांब आणि क्लॅम्प यांच्यामधला पांढरट थर मोजमापातून निसटतो, आणि दोष अनेकदा त्याच थरात असतो.

नव्याने उभ्या केलेल्या गाडीत अर्थिंगचा दोष जुन्या, गंजलेल्या गाडीपेक्षाही अधिक आढळतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. इंजिनला शेव्हरोलेचा ठरलेला नारिंगी रंग दोन हात बसलेला असतो, ब्रॅकेटला पावडर कोटिंग केलेले असते, बॉडीचा रंग आरशासारखा असतो, आणि हे तिन्ही थर विजेला अडवतात. ऋण केबलचा बोल्ट सोडवून तिच्या कडीखाली पाहावे. तिथे नारिंगी रंगाची अखंड, चकचकीत वर्तुळाकार पट्टी दिसली तर शेकडो अँपियरचा प्रवाह फक्त बोल्टच्या आट्यांतून जात होता असे समजावे. थंडीत तो कसाबसा निभावून जातो. धातू तापला, रोध वाढला, की निभाव संपतो. तेवढी जागा उघड्या धातूपर्यंत घासावी, दातेरी वॉशर घालावा, बोल्ट आवळावा आणि मग बाहेरून हलका रंग किंवा ग्रीस लावून गंज रोखावा. इंजिनपासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत) जाणारी विणलेली अर्थिंगची पट्टी जागेवर आहे का तेही पाहावे. इंजिन उतरवताना ती सोडली जाते आणि चढवताना डब्यातच राहून जाते. ती नसेल तर परतीचा प्रवाह गिअरच्या केबलमधून किंवा थ्रॉटलच्या दांड्यांतून वाट शोधतो.

केबलच्या जाडीबद्दलही एक शब्द. बाजारात “जुन्या गाड्यांसाठी” म्हणून मिळणाऱ्या स्वस्त केबलींवर प्लास्टिकचे आवरण भरपूर आणि आत तांबे बेताचे असते. मोठ्या इंजिनला २ गेजपेक्षा बारीक केबल लावू नये. बॅटरी डिकीत हलवलेली असेल तर १/० गेजची केबल घ्यावी आणि तिला बॅटरीजवळ मोठा फ्यूज किंवा ब्रेकर द्यावा. वरून बोल्टने दाबून बसवायची तात्पुरती टर्मिनले तर मी दिसताक्षणी काढून टाकतो.

जांभळी तार

अर्थिंग स्वच्छ, बॅटरी भरलेली, केबल जाड, आणि तरीही तापल्यावर फक्त “टक्” येत असेल, तर आपण या दोषाच्या सर्वांत सामान्य कारणाशी येऊन पोहोचलो आहोत.

सोलेनॉइडला खेचून घेण्यासाठी लागणारा प्रवाह बॅटरीतून थेट येत नाही. तो बॅटरीतून निघतो, फायरवॉलवरच्या जोडणीतून आत केबिनमध्ये जातो, इग्निशन स्विचमधून जातो (१९६९ पासून तो स्टिअरिंग कॉलमवर आहे), ऑटोमॅटिक गाडीत न्यूट्रल सेफ्टी स्विचमधून जातो, पुन्हा फायरवॉलमधून बाहेर येतो आणि जांभळ्या तारेने “एस” टर्मिनलला पोहोचतो. या वाटेवरचे प्रत्येक जोडकाम अर्धशतकाहून अधिक जुने आहे आणि प्रत्येक जण आपला थोडा वाटा काढून घेतो. ठेकेदारांच्या साखळीतून रस्त्यापर्यंत पोहोचणाऱ्या डांबरासारखी त्या दाबाची गत होते. दुसऱ्या टोकाला सोलेनॉइडची तांब्याची वेटोळी सायलेन्सरच्या शेजारी भाजत असतात. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. म्हणजे वेटोळे शंभर अंशांनी तापले तर त्याचा रोध जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो आणि त्याच दाबाला त्यातून जाणारा प्रवाह जवळपास ३० टक्क्यांनी घटतो, आणि त्याबरोबर त्याची ओढही मंदावते. थंडीत जो दाब पुरत होता तो आता पुरत नाही.

दोष हजर असताना “एस” च्या तारेवर मीटर लावून चावी फिरवावी. तिथला आकडा आणि त्याच क्षणीचा बॅटरीचा आकडा यांत एक व्होल्टच्या आत फरक असेल तर वाट निरोगी आहे. फरक दीड-दोन व्होल्ट किंवा त्याहून अधिक असेल आणि “एस” वर आठ व्होल्टसुद्धा येत नसतील, तर स्टार्टरला दोष देण्यात हशील नाही. उलट, आठ व्होल्टपेक्षा बराच जास्त दाब येऊनही सोलेनॉइड हलत नसेल, तर मात्र स्टार्टर खाली उतरवण्याची वेळ आली.

दाब कुठे गळतो हे शोधण्यासाठी त्याच वाटेने एकेक जोड मागे जात मोजावे. फायरवॉलवरची जोडणी उघडून पितळी पाती हिरवट किंवा काळी पडली आहेत का, प्लास्टिक वितळले आहे का ते पाहावे. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये घेऊन, किंवा पार्कमध्ये किंचित मागेपुढे हलवून सेल्फ मारून पाहावा. त्याने गाडी सुरू झाली तर न्यूट्रल सेफ्टी स्विचची जुळणी सरकली आहे. हा स्विच तारेने बायपास करण्याचा मोह होतो, पण तो करू नये. गिअरमध्ये असलेली गाडी सेल्फ मारताच पुढे उडी घेते.

सर्व जोड स्वच्छ करूनही घट अर्ध्यावरच येत असेल तर रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लावणे हा माझ्या मते योग्य आणि कायमचा उपाय आहे. जांभळी तार “एस” वरून काढून रिलेच्या वेटोळ्याला द्यावी, वेटोळ्याचे दुसरे टोक चांगल्या अर्थिंगला जोडावे, आणि बॅटरीवरून ३० अँपियरच्या फ्यूजमधून १० गेजची तार रिलेच्या संपर्कातून “एस” ला न्यावी. यामुळे जुन्या वाटेवर फक्त रिलेचा किरकोळ प्रवाह उरतो आणि सोलेनॉइडला बॅटरीचा जवळपास पूर्ण दाब मिळतो. रिले ४० अँपियरचा आणि बऱ्या दर्जाचा घ्यावा, आणि बॅटरीच्या ट्रेमागे, पाणी न उडणाऱ्या जागी बसवावा. गाडी प्रदर्शनात जाणारी असेल तर तो सहज लपतो.

फोर्डच्या पद्धतीचा वेगळा सोलेनॉइड फायरवॉलवर लावून स्टार्टरवर मुख्य खिळा आणि “एस” यांच्यात पट्टी जोडण्याची जुनी युक्ती अजूनही सांगितली जाते. ती चालते, नाही असे नाही. परंतु चावी सोडल्यावरही फिरत्या मोटारीतून उलटा निर्माण होणारा दाब त्या पट्टीवाटे सोलेनॉइडला क्षणभर धरून ठेवू शकतो, आणि स्टार्टर दातांतून उशिरा सुटतो. कायमस्वरूपी चुंबकाच्या नव्या, लहान स्टार्टरवर हे विशेष जाणवते. तेवढ्यासाठी मी रिलेच पसंत करतो.

टायमिंग

इंजिन फिरते पण अडखळत फिरते, तेव्हा एक तपासणी अशी आहे की तिला दमडीही लागत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या कॉइलची धन तार काढावी, ती कुठे टेकणार नाही अशी ठेवावी, आणि तापलेल्या इंजिनलाच सेल्फ मारावा. आता इंजिन मोकळे, एकसारखे फिरू लागले, तर स्टार्टर ठीक आहे आणि ठिणगीच फार लवकर पडून पिस्टनला खाली ढकलत आहे. तार काढूनही अडखळणे कायम राहिले, तर दोष विजेचा किंवा यांत्रिक आहे.

कारखान्याने या इंजिनांना प्रारंभिक टायमिंग अगदी थोडे, चार अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी दिलेले असते. हौशी मंडळी गाडी चपळ व्हावी म्हणून ते पंधरा-सोळा अंशांवर नेतात, आणि चांगल्या स्टार्टरवर ते चालूनही जाते. टायमिंग लाइट लावण्याआधी व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी काढून बुजवावी. मात्र लाइटने दाखवलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये: पुढच्या हार्मोनिक बॅलन्सरची (क्रँकच्या टोकावरच्या, टायमिंगची खूण असलेल्या चाकाची) बाहेरची कडी आतल्या गाभ्यावर रबराने बसवलेली असते, आणि पन्नास वर्षांचे रबर सरकले की खूण खोटे बोलू लागते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप लावून दोन्ही दिशांनी हाताने इंजिन फिरवावे आणि खऱ्या टीडीसीशी (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेशी) खूण जुळते का ते पाहावे. यात तासभर जातो, पण बॅलन्सर सरकलेला निघाला तर तो तसाही धोकादायक असतो आणि बदललाच पाहिजे.

फिरते, पण पकडत नाही

चावी सोडताच पकडणाऱ्या गाडीचे कारण बहुधा पिवळी तार असते. पॉइंटची कॉइल चालू इंजिनवर रोधक तारेमुळे कमी दाबावर चालते. इग्निशन चालू, पॉइंट मिटलेले, अशा स्थितीत कॉइलच्या धन टोकावर साधारण ५ ते ८ व्होल्ट दिसतात. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब पडतो, म्हणून त्या काळापुरता सोलेनॉइडच्या “आर” टर्मिनलवरून पिवळ्या तारेने कॉइलला रोधक टाळून थेट दाब मिळतो. ही तार तुटली असेल, किंवा बाजारातून आणलेल्या लहान स्टार्टरला “आर” टर्मिनलच नसेल, तर सेल्फ मारताना ठिणगी अशक्त पडते. थंडीत चोक (हवा अडवून मिश्रण दाट करणारी झडप) लावलेल्या दाट मिश्रणाला ती पुरते, तापल्यावर पुरत नाही. सेल्फ मारताना कॉइलवर नऊ व्होल्टच्या आसपास येतात का एवढे पाहिले की निकाल लागतो. ते ठीक असेल, तर स्पार्क टेस्टर लावून तापलेल्या स्थितीत ठिणगी पाहावी आणि पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर बदलून पाहावा. तो स्वस्त असतो, उष्णतेने हमखास दगा देतो, आणि हल्लीच्या बनावटीचे सगळेच टिकाऊ निघत नाहीत; जुन्या गाडीवरून काढलेला चालू कंडेन्सर मी फेकून देत नाही.

पेट्रोलचा वास येत असेल तर पेडल पंप करणे आधी थांबवावे, कारण प्रत्येक दाबासरशी कार्ब्युरेटरमधील पिचकारी आणखी पेट्रोल आत सोडते. पेडल शेवटपर्यंत दाबून धरून सेल्फ मारावा. त्याने थ्रॉटल आणि चोक दोन्ही उघडतात आणि साचलेले मिश्रण बाहेर पडते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये मिनिट-दोन मिनिटे थांबावे.

पेट्रोलचे उकळणे साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसला सुरू होते, आणि उभ्या गाडीत कार्ब्युरेटरचे तापमान त्याच्या कितीतरी वर जाते. फ्लोट बाऊलमधले, म्हणजे कार्ब्युरेटरच्या साठवणीतले, पेट्रोल उकळून थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या मार्गात) सांडते. अमेरिकेत पंपावर उन्हाळी, कमी बाष्पशील पेट्रोलची सक्ती १ जून ते १५ सप्टेंबर एवढीच असते. मिशिगनमध्ये हिवाळाभर झाकून ठेवलेली गाडी मे महिन्यातल्या पहिल्या गरम दिवशी बाहेर निघते तेव्हा टाकीत हिवाळी पेट्रोल असते, आणि तक्रारीही तेव्हाच वाढतात. टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरणे हाच तिथे पहिला उपाय.

त्यापुढे पाहायचे ते उजव्या सायलेन्सर मॅनिफोल्डवरील हीट रायझरचे झडपेसारखे पाते. ते बंद स्थितीत अडकले की गरम वायू सतत इनटेकखालून फिरत राहतो आणि कार्ब्युरेटर चुलीवर ठेवल्यासारखा तापतो. गंज सोडवणारे तेल टाकून ते हाताने, गाडी थंड असताना, मोकळे करावे. कार्ब्युरेटरखाली जाड, उष्णतारोधक गॅस्केट असावे. स्पेसर लावताना बॉनेट आणि एअर फिल्टर यांच्यातले अंतर मातीचा गोळा ठेवून तपासावे. इनटेकखालचा तो गरम वायूचा मार्ग गॅस्केटने कायमचा बुजवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो अमलात आणण्यापूर्वी एक गोष्ट जाणून घ्यावी: १९६९ च्या क्वाड्राजेटचे चोकचे स्प्रिंग इनटेकमध्ये त्याच मार्गावर बसते आणि त्याच उष्णतेने चोक उघडते. मार्ग बुजवला की चोक बंदच राहतो आणि ओव्हरफ्लोचा त्रास दुप्पट होतो. बुजवायचाच असेल तर विजेवर चालणारा चोक सोबत बसवावा लागतो.

वास नाही आणि पेट्रोलही नाही अशा स्थितीत पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी कुठे हेडरला (सायलेन्सर मॅनिफोल्डच्या जागी लावलेल्या नळ्यांना) किंवा वरच्या पाण्याच्या नळीला खेटते का ते पाहून ती निदान दोन बोटे दूर घ्यावी. रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच असाव्यात, कारण अमेरिकेतील पंपांवरील बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने फुगून गळते.

शेवटी स्टार्टर

इथवर सर्व आकडे बरोबर आले आणि तरी दोष राहिला, तरच गाडीखाली शिरावे. बॅटरीची ऋण केबल काढून, गाडी सपाट काँक्रीटवर, चाकांना अटकाव लावून, जॅक-स्टँडवर उभी करून. नुसत्या जॅकवर कधीही नव्हे. हा स्टार्टर बराच जड आहे, शेवटचा बोल्ट सुटताना त्याला दुसऱ्या हाताचा आधार लागतो.

आतील कांस्याच्या बुशा झिजल्या की आर्मेचर तापल्यावर फुगून बाजूला घासू लागते. घासल्याच्या चकाकत्या खुणा स्पष्ट दिसतात. परत बसवताना स्टार्टरचे दोन्ही बोल्ट त्याच कामाचे, मधल्या भागावर रेषा कोरलेले असावेत, कारण त्या रेषाच स्टार्टरला जागेवर धरतात. पुढच्या टोकाची आधारपट्टी अनेक गाड्यांतून गायब झालेली असते. ती मिळवून लावावी, नाहीतर जोर पडताच स्टार्टर किंचित वाकडा होतो आणि दात घासतात. उष्णतेसाठी पत्र्याचे कवच, आणि कवच व सोलेनॉइड यांच्यात हवेची फट, हे मला कापडी गोधडीपेक्षा अधिक पटते. गोधडी उष्णता येऊ देत नाही तशी जाऊही देत नाही.

गिअर-रिडक्शनचा नवा लहान स्टार्टर कमी प्रवाहात अधिक जोर देतो, हेडरपासून लांब बसतो, आणि रोज वापरायच्या गाडीला तो उत्तम. पण जुना डेल्को-रेमी स्टार्टर बदलीत दुकानाला देऊन टाकू नये. त्यावर कोरलेला क्रमांक आणि तारीख गाडीच्या तारखेशी जुळत असेल, तर पुढे गाडी विकताना त्या लोखंडाची किंमत नव्या स्टार्टरपेक्षा अधिक असते.

कुठे थांबावे

पेट्रोल कुठूनही थेंबाथेंबाने गळताना दिसले, तर सेल्फ मारणे तत्काळ थांबवावे. अग्निशामक नळकांडे हाताशी असले तरीही गळती थांबेपर्यंत गाडी ढकलून बाहेर काढावी, चालवून नव्हे. फायरवॉलची जोडणी वितळलेली किंवा करपलेली निघाली, तर तारांचा पूर्ण जुडगा उघडून तपासावा लागतो, आणि ज्याला तारांच्या नकाशाचा सराव नाही त्याने ते काम जुन्या गाड्या जाणणाऱ्या ऑटो-इलेक्ट्रिशियनला द्यावे.

सेल्फ मारताच इंजिन एकाच “धप्प” आवाजाने अडकले आणि त्याआधी पेट्रोल ओव्हरफ्लो झालेले होते किंवा पाणी कमी होत होते, तर दुसऱ्यांदा चावी फिरवू नये. सिलिंडरमध्ये द्रव भरलेला असू शकतो, आणि तो दाबला जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व प्लग काढून हाताने फिरवून पाहावे. प्लग काढलेल्या तापलेल्या इंजिनलाही क्रँकच्या बोल्टवर लांब दांडा लावून जोर लावावा लागत असेल, तर दोष बेअरिंगचा किंवा पिस्टनच्या फटींचा आहे आणि ते इंजिन बांधणाऱ्या कारागिराचे काम आहे. दात खरवडल्याचा आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलची कडी तपासण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. घरच्या जॅकवर तो उतरवू नये.

गाडीखाली पडून स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे खिळे जोडून गाडी सुरू करणारे लोक अजूनही भेटतात. ही तपासणी नव्हे. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती अंगावरून जाते.

कारागिराकडे गाडी नेताना “गरम झाल्यावर सुरू होत नाही” एवढेच सांगू नये. दोष हजर असताना बॅटरीवर किती, मुख्य खिळ्यावर किती, “एस” वर किती आणि सेल्फ मारताना कॉइलवर किती व्होल्ट होते, हे चार आकडे आणि त्या वेळचे पाण्याचे तापमान कागदावर लिहून न्यावे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी संथ रांग लागते तिथे जायचे असेल, तर हा कागद जुलैमध्येच तयार असू द्यावा. त्या आठवड्यात या परिसरातील एकाही जाणत्या कारागिराला वेळ नसतो.